'सोडॅलिटी' आणि सात्रिकुमचा दगड: एका शब्दाचं प्रकरण

पहिल्या मसुद्यात मी 'बंधुसंघ' लिहिलं होतं.

मानववंशशास्त्रावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करत होते. विषय होता उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले शायेन लोक. हिवाळ्यात त्यांच्या टोळ्या वेगवेगळ्या पांगायच्या आणि उन्हाळ्यात सगळ्या एकत्र यायच्या. या एकत्र तळावर शिस्त राखायची, बायसनच्या सामूहिक शिकारीत कुणी उतावीळपणे पुढं घुसून कळप उधळू नये हे पाहायचं, हे काम योद्ध्यांच्या मंडळांकडे असे. ही मंडळं नात्यागोत्यावर उभी नव्हती आणि टोळीवरही नव्हती. एकाच मंडळात वेगवेगळ्या टोळ्यांचे तरुण असत, आणि कोणत्या मंडळात जायचं हे ज्याचं तो ठरवी. अशा मंडळासाठी लेखात शब्द होता 'सोडॅलिटी'.

इंग्रजी वाचणाऱ्यांतही हा शब्द फार थोड्यांच्या ओळखीचा आहे. बरेच जण तो 'सॉलिडॅरिटी'चाच काही प्रकार समजतात. त्याचा सॉलिडॅरिटीशी काही संबंध नाही. तो शब्द 'घट्ट, भरीव' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला, हा वेगळ्याच घरातला. मलाही तेव्हा एवढंच माहीत होतं की सोडॅलिटी म्हणजे संघ, मंडळ, असोसिएशन. 'बंधुसंघ' लिहून मी पुढं गेले. दोन पानांनंतर मूळ लेखकाचं वाक्य आलं, की सोडॅलिटीचं वैशिष्ट्यच हे की ती रक्ताच्या नात्यापलीकडे माणसं जोडते. म्हणजे ज्या गोष्टीत भाऊबंदकीचा संबंध नाही असं लेखक सांगत होता, तिच्या नावातच मी 'बंधु' घालून ठेवला होता. काम तिथंच थांबवलं आणि शब्दाच्या मागे लागले. ही त्या शोधाची हकिगत.

मानववंशशास्त्रात हा शब्द कसा आला ते आधी पाहिलं. रॉबर्ट लोवी यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात अशा गटांना सरळ 'असोसिएशन' म्हटलं होतं. १९४८ मध्ये त्याच विषयाकडे परत येताना त्यांनी 'सोडॅलिटी' हा शब्द घेतला. कारण समजण्याजोगं आहे. 'असोसिएशन' इतकं सैल झालं होतं की क्रिकेटच्या नियामक मंडळापासून व्यापाऱ्यांच्या संघटनेपर्यंत सगळं त्यात मावत होतं. पुढं १९६२ मध्ये एल्मन सर्व्हिस यांनी टोळीसमाजाची मांडणी करताना या शब्दाला मध्यवर्ती जागा दिली. त्यांच्या मते विखुरलेल्या वस्त्यांना एकत्र बांधून ठेवणारा दुवा म्हणजे या आडव्या पसरलेल्या सोडॅलिट्या.

पण विद्वानांनी शब्द कुठं वापरला एवढ्यानं त्याचा गाभा कळत नाही. इंग्रजीत तो इसवी सन १६०० च्या सुमारास लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'सोडालिस' म्हणजे सोबती, गटातला गडी, आणि 'सोडालितास' म्हणजे अशा सोबत्यांचा गट. मग सोडालिस कुठून आला?

तीन जुने अंदाज

हा प्रश्न रोमन लोकांनाही पडला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या फेस्तुसच्या कोशाचा जो संक्षेप आठव्या शतकात पॉल द डीकन यानं केला, त्यात तीन उत्तरं नोंदवली आहेत. काहींच्या मते हे लोक एकत्र बसत आणि खात, म्हणून सोडालिस. काही म्हणत, प्रत्येकानं आपापल्या पदरचं आणायचं आणि त्यातून पंगत उठायची, म्हणून. तिसरं मत असं की ते एकमेकांना हिताचा सल्ला देत, म्हणून.

ही तीन उत्तरं वाचताना मला एक गोष्ट जाणवली, आणि ती मराठी वाचकालाच चटकन जाणवेल अशी आहे. बसण्याचं लॅटिन क्रियापद 'सेदेरे', म्हणजे आपला सद् धातू. सदन, संसद, उपनिषद् यांतला तोच. 'आपापल्या पदरचं' यातलं 'सुओ' म्हणजे आपलं स्व. आणि सल्ला देण्याचं 'सुआदेरे' हे गोड या अर्थाच्या शब्दावरून बनलेलं, एखादी गोष्ट समोरच्याला गोड करून पटवणं, म्हणजे आपला स्वादु. रोमन पंडितांचे तिन्ही अंदाज संस्कृतच्या आरशात धरले तर ते सद्, स्व आणि स्वाद असे दिसतात. प्रश्न एवढाच उरतो की यातला खरा कोणता.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या तुलनात्मक भाषाशास्त्राचा कौल 'स्व'कडे झुकला होता. त्यांचं म्हणणं, सोडालिस हा मुळात 'स्वेध' अशा काही रूपावरून आला असावा. स्व म्हणजे आपला, आणि त्यापुढं धा, म्हणजे ठेवणे, करणे. निधी, विधान यांत असतो तो. पण सोडालिसमध्ये 'व' दिसत नाही. तो होता आणि नंतर गळाला, असं मानायचं तर पुरावा काय? पुरावा इतर शब्दांवरून अप्रत्यक्ष मिळत होता. बहिणीला संस्कृतात स्वसा, लॅटिनमध्ये सोरोर. झोपेचा शब्द संस्कृतात स्वप्न, लॅटिनमध्ये सोम्नुस. दोन्हीकडे 'स्व'चा 'सो' झालेला. तर सोडालिसमध्येही तसंच झालं असणार. तर्क चांगला होता, पण तो तर्कच होता.

१९७७

रोमच्या आग्नेयेला साधारण साठ किलोमीटरवर, आजच्या ले फेर्रिएरे या वस्तीजवळ, प्राचीन सात्रिकुमचे अवशेष आहेत. तिथं मातेर मातुता या पहाटेच्या देवतेचं मोठं देऊळ होतं. १८९६ मध्ये ते प्रथम उजेडात आलं. १९७७ मध्ये रोममधल्या डच संस्थेनं तिथं नव्यानं काम सुरू केलं, आणि त्याच वर्षी त्यांना देवळाच्या बांधकामात बसवलेला एक कोरीव दगड सापडला. इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपास देऊळ पुन्हा बांधलं गेलं, तेव्हा कुठल्या तरी आधीच्या वास्तूचा हा दगड गवंड्यांनी वापरून टाकला होता. म्हणजे लेख त्याहून जुना, फार तर त्याच काळचा. आपल्याकडेही देवळाच्या पायरीत वीरगळ बसवलेले दिसतात, तसाच हा प्रकार. गवंड्याला तो दगड म्हणून हवा होता, आणि त्यामुळेच तो टिकला.

लेखाची सुरुवात तुटलेली आहे. उरलेली अक्षरं दोन ओळींत अशी:

…इएइ स्तेतेराइ पोप्लिओसिओ वालेसिओसिओ
सुओदालेस मामार्तेइ

बहुतेक अभ्यासकांनी लावलेला अर्थ: पोप्लिओस वालेसिओसच्या सोडालिसांनी हे मामार्सला, म्हणजे मार्स या युद्धदेवतेला, उभारलं. 'स्तेतेराइ' हे स्था धातूचं भावंड.

दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द पाहा. सुओदालेस. 'सो' नाही, 'सुओ'. जो 'व' होता असं पंडित कागदावर मांडत होते तो इथं दगडावर कोरलेला आहे. 'स्वे'चा 'स्वो' झालाय आणि 'स्वो'चा 'सो' व्हायचा बाकी आहे, असा बरोबर मधला टप्पा. भाषेच्या इतिहासात असे मधले टप्पे क्वचित सापडतात. मला हे वाचताना जो आनंद झाला तो लपवायचं कारण नाही. वर्षानुवर्षं ज्याच्या येण्याची खात्री होती तो माणूस दारात उभा राहावा, तसा हा शब्द आहे.

आता तीन जुन्या अंदाजांचा निकाल लागतो. सद् धातूत 'व' कधीच नव्हता, तेव्हा 'सुओ' त्यातून येत नाही. एकत्र बसून खाण्याचा अंदाज गेला. स्वादुमध्ये 'व' आहे, पण त्यातला स्वर दीर्घ 'आ', आणि लॅटिनमध्ये तो जसाच्या तसा टिकतो. सुआदेरे, सुआविस ही त्याची रूपं. त्याचा ऱ्हस्व 'ओ' होत नाही. सल्ल्याचा अंदाजही गेला. राहिला स्व. पुढच्या 'ध'चा 'द' होणं हे लॅटिनमध्ये शब्दाच्या मध्यभागी नेहमीचंच आहे. मध्यचं मेदिउस झालं (मीडियम, मीडिया तिथूनच) आणि विधवाचं विदुआ. म्हणजे 'आपापल्या पदरचं' म्हणणारा रोमन पंडित पंगतीच्या बाबतीत चुकला, पण त्याचं बोट नेमक्या अक्षरावर पडलं होतं.

दगडावरच्या पहिल्या ओळीकडेही संस्कृत शिकलेल्या प्रत्येकानं एकदा पाहावं. पोप्लिओसिओ, वालेसिओसिओ. नंतरच्या लॅटिनमध्ये हेच 'पुब्लिई वालेरिई' असं लिहिलं जातं, शेवटी नुसती 'ई'. दगडावर मात्र षष्ठीचा प्रत्यय 'ओसिओ' आहे. रामस्य, देवस्य यांतल्या 'अस्य'चा हा थेट भाऊ. इटलीत तो शेजारच्या फालिस्कन बोलीत दिसला होता, लॅटिनच्या अंगणात तो असा ठसठशीत या दगडानं दाखवला. शाळेत 'रामस्य' घोकणाऱ्या मुलांना कुणी हा दगड दाखवला असता तर ते पाठांतर किती वेगळं झालं असतं.

मग अर्थ काय

स्व आणि धा यांचा हाच जोड संस्कृतात स्वधा म्हणून आहे. आपल्याला तो श्राद्धातल्या उच्चारामुळे माहीत, पण ऋग्वेदात स्वधा म्हणजे स्वतःची रीत, अंगची शक्ती, स्वभावधर्म. नासदीय सूक्तात ते एक तत्त्व वाऱ्याविना श्वास घेत होतं ते स्वधेनं. ग्रीक 'एथोस' याच कुळातला, म्हणून इंग्रजीतलं एथिक्सही. लॅटिन 'कोन्सुएतुदो' म्हणजे सवय, रूढी, आणि त्यातून आलेला इंग्रजी 'कस्टम' हीसुद्धा दूरची भावंडं. सगळ्या कुळात रीत, सवय, स्वतःचं करून घेणं हाच अर्थ फिरतो.

सोडालिस म्हणजे मग ज्याला आपलासा केला तो. आपली रीत ती त्याची रीत. जन्मानं आपला असलेला नव्हे. मराठीत 'आपलासा करणे' या दोन शब्दांत ही व्युत्पत्ती जवळजवळ पूर्ण उतरते.

रोमन लेखक नातं आणि सोडालिस हे खरंच वेगळे मानत होते का? मानत होते. इसवी सनापूर्वी ४७७ मध्ये क्रेमेरा नदीवर नष्ट झालेल्या, फाबिई या एकाच रोमन घराण्यातल्या ३०६ वीरांच्या प्रयाणाचं रोमन इतिहासकार लिवीनं वर्णन केलंय. त्यांच्यामागून चालणाऱ्या गर्दीत नातलग आणि सोडालिस अशी दोन नावं तो शेजारी शेजारी पण वेगवेगळी घेतो. एकच असते तर दोनदा सांगायची गरज नव्हती.

याहून सुंदर साक्ष दुसरी आहे. इसवी सन ४८ मध्ये सम्राट क्लाउदिउसनं सिनेटपुढं केलेलं भाषण काशाच्या पत्र्यावर कोरलेलं होतं. तो पत्रा १५२८ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ इथं सापडला. त्यात क्लाउदिउस रोमचा राजा सेर्विउस तुल्लिउस याच्याविषयी रोमच्या उत्तरेकडच्या एत्रुस्कन लोकांची कथा सांगतो, की त्याचं मूळ नाव मास्तार्ना, आणि तो काएलिउस विवेन्ना याचा अत्यंत निष्ठावंत सोडालिस होता. पुढं १८५७ मध्ये वुल्ची इथं एक एत्रुस्कन थडगं उघडलं गेलं. त्याच्या भिंतीवर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं चित्र आहे. हात बांधलेल्या एका कैद्याचे दोर दुसरा माणूस कापतो आहे. शेजारी नावं लिहिली आहेत. कैदी काइले विपिनास, दोर कापणारा माक्स्त्र्ना. क्लाउदिउसच्या शब्दातला 'निष्ठावंत सोडालिस' नेमकं काय करतो ते या चित्रात दिसतं.

सात्रिकुमच्या दगडावरचे सुओदालेसही बहुधा असेच, एका नायकाभोवती जमलेले लढवय्ये. म्हणूनच त्यांची देवता मार्स. त्यांचा नायक म्हणजे प्रजासत्ताकाच्या परंपरागत पहिल्या वर्षाचा, इसवी सनापूर्वी ५०९ चा कॉन्सल पुब्लिउस वालेरिउस पोप्लिकोलाच, असं काहींचं मत आहे. काळ जुळतो, नावही जुळतं, पण त्या घराण्यात पुब्लिउस हे नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि दगड याहून जास्त काही बोलत नाही. माझ्या कामासाठी मला वेगळंच महत्त्वाचं वाटलं. या माणसांनी देवापुढं स्वतःची ओळख करून देताना बापाचं नाव लिहिलं नाही, गावाचं लिहिलं नाही. कुणाबरोबर आहोत तेवढं लिहिलं. आणि आश्रित या अर्थाचा 'क्लिएन्स' हा शब्द लॅटिनमध्ये होता, तो घेतला नाही. सोडालिसमध्ये बरोबरीचा भाव आहे.

नंतरच्या काळात शब्दाचं काय काय झालं ते थोडक्यात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यावरच्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात सोडालिसांना आपसांत हवा तो करार करायची मुभा होती, सार्वजनिक कायदा मोडत नसेल तर. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गाइउस हे सांगतो. रोमन वक्ता आणि वकील सिसेरो याच्या लेखनात म्हातारा मुत्सद्दी कातो आठवण काढतो की इदा पर्वताच्या महामातेची पूजा रोमला आली तेव्हा सोडालितास स्थापन झाले, आणि तो त्या सोबत्यांबरोबर जेवायचा, साधं पण मनापासून. दीडशे वर्षांत याच नावाची मंडळं मतं विकत घेण्याची यंत्रणा होऊन बसली. इसवी सनापूर्वी ५५ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि पुढच्याच वर्षी सिसेरोला त्या कायद्याखाली आरोप झालेल्या प्लान्किउसचा बचाव करावा लागला. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टस वारल्यावर त्याच्या पूजेसाठी 'सोदालेस आउगुस्तालेस' नेमले गेले, प्रतिष्ठितांतून चिठ्ठ्या टाकून २१ जण, शिवाय राजघराण्यातले चार. त्या चौघांत क्लाउदिउस होता. चिठ्ठीनं ठरलेला सोडालिस हे मला या शब्दाचं सर्वांत दुःखद वळण वाटतं. आपलासा करण्यातला 'आपण' तिथं उरलाच नाही. आणि तरी चौतीस वर्षांनी मास्तार्नाविषयी बोलताना त्याच क्लाउदिउसच्या तोंडी शब्दाचा जुना अर्थ जिवंत होता.

इंग्रजीत शब्द टिकला तो मुख्यतः चर्चमुळे. १५६३ मध्ये रोमच्या जेझुइट महाविद्यालयात यान लेउनिस यांनी विद्यार्थ्यांचा प्रार्थनागट सुरू केला. १५८४ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्याला अधिकृत मान्यता दिली, आणि मरियेच्या नावाच्या सोडॅलिट्या जेझुइटांबरोबर जगभर गेल्या. १९६७ मध्ये या चळवळीनं 'ख्रिश्चन लाइफ कम्युनिटी' हे नाव घेतलं, पण मुंबईतल्या जुन्या कॅथलिक कुटुंबांत सोडॅलिटीची आठवण अजून निघते.

गोव्यात मात्र चर्चच्या मंडळांचा रूढ शब्द वेगळा, कोन्फ्रारिया. त्यात 'फ्रातेर' आहे, म्हणजे भ्राता. 'बंधुसंघ' शोभेल तर तिथं शोभेल. आणि गोव्यातल्या अनेक गावांत कोन्फ्रारियात कुणाला घ्यायचं हे जातीवरून ठरत असे. नावात भाऊ आणि दारात जन्माची अट. सोडॅलिटीची कल्पना यापासून किती दूर आहे ते माझ्या पहिल्या मसुद्याशेजारी ठेवल्यावर नीट कळलं.

मसुदा दुसरा

पर्याय पुष्कळ तपासले. 'संघ' आणि 'संघटना' यांत पदाधिकारी आणि घटना आल्या. 'बिरादरी' आणि 'भावकी' सरळ उलट अर्थाचे. 'फड' आणि 'दिंडी' यांचा मोह झाला, कारण वारीत गावकीपलीकडची माणसं एका वाटेवर एका रीतीनं चालतात. पण फडाची गादी बहुधा घराण्यात चालते, शिवाय शायेन तरुणांना दिंडीत बसवलं की वाचकाला पंढरपूर दिसणार, मैदानावरचे तंबू दिसणार नाहीत. 'समव्रती' शब्द अर्थानं अगदी जवळचा, पण कुणी बोलत नाही.

शेवटी मंडळासाठी पहिल्या उल्लेखात 'सोडॅलिटी, म्हणजे नात्यानं नव्हे तर निवडीनं जोडलेलं मंडळ' असं लिहिलं आणि पुढं नुसतं 'मंडळ' ठेवलं. चर्चच्या संदर्भात 'सोडॅलिटी' तशीच राहू दिली, कारण ज्यांची ती होती ते तिला त्याच नावानं ओळखतात. माणसासाठी शब्द मिळाला 'सांगाती'. त्याला रक्त लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, बरोबर चालणं लागतं.

सात्रिकुमच्या दगडाचा उल्लेख मूळ लेखात नव्हता. संपादकांची परवानगी घेऊन पानाच्या तळाशी टीप दिली आणि त्यात ती ओळ मराठीत लिहिली: पोप्लिओस वालेसिओसच्या सांगात्यांनी हे मामार्सला उभारलं.